काळा पत्थर आणि खालची विहीर

दगड जिभेला चिकटला आणि पाठोपाठ जीभ भाजल्यासारखी चुरचुरली. मी थुंकलो, बाटलीतल्या पाण्याने चुळा भरल्या.

दगड चाटणं हा आम्हा भूगर्भवाल्यांचा जुना चाळा. घरचे नाकं मुरडतात, पण साइटवरची झटपट टेस्ट हीच. सच्छिद्र दगड जिभेवरचा ओलावा शोषतो, म्हणून चिकटतो. घट्ट काळा दगड चिकटत नाही.

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीला बदलापूरजवळच्या बंद खाणीत सांडपाणी साठवायचं होतं. मॅनेजर म्हणाले होते, "सर, सॉलिड काळा पत्थर आहे. थेंब झिरपणार नाही. तुम्ही फक्त रिपोर्ट द्या." वर खाणीत जीभ लावली, ती खरंच चिकटली नाही. मला जवळजवळ पटलंच होतं.

पण आपला दगड म्हणजे थरावर थर साचलेला लाव्हा. थराचा मधला भाग घट्ट, वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांची भोकं. ती सुटी सुटी असली तर पाणी तिथंच अडतं. दगड कुजून मुरूम झाला, की भोकं एकमेकांना जोडली जातात आणि पाण्याला वाट मिळते. खाणीच्या तळाला सुरुंगांचे तडे होते. तळाखाली असाच मुरमाड थर होता, आणि तो उताराखालच्या वाडीच्या विहिरीत उघडा पडला होता. तिथलाच कोरडा तुकडा मी चाटला होता.

विहिरीवर वाडीतल्या बारकीबाई हंडा भरत होत्या.

"काय झाला साहेब?"

"बाई, हे पाणी पिता तुम्ही?"

"मंग दुसरा कुठला पिनार? आता जरा कडू लागतंय. सून तर पिते नि ओकते. पोटुशी हाय ना, मी म्हटला त्याचाच असल."

त्यांच्या हातातला हंडा ओढून मी उपडा केला आणि मॅनेजरना फोन लावला.

"खाणीत आधीच काय ओतलंत?"

"सर, कोण बोललं तुम्हाला?"

"ते सोडा. काय ओतलंत?"

"ट्रायलसाठी टँकर... सर, फोनवर नको ना."

"गरोदर बाई आजारी आहे. डॉक्टरला काय सांगू, तेवढं बोला."

मग त्यांनी केमिकलचं नाव सांगितलं. ते ऐकताच मी गाडीकडे धावलो.

सुनेला माझ्याच गाडीतून उल्हासनगरला हॉस्पिटलात नेलं. रस्ताभर ती विचारत होती, "पोराला काय व्हनार नाय ना?" दगडाचं विचारलं असतं तर सांगितलं असतं.

ती वाचली, मूलही सुखरूप झालं. विहीर मात्र बंद आहे. मुरलेलं केमिकल तो थर कधी सोडेल, हे मलाही सांगता येत नाही.

वाडीत पिण्याच्या पाण्याचा टँकर आला, तेव्हा मी तिथं होतो. टँकर बघून एकही बाई पुढे येईना. बारकीबाईंनी तांब्या भरून माझ्यासमोर धरला.

"आधी तुमी प्या."

पाणी चांगलं आहे हे मला ठाऊक होतं. मी प्यायलो. त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि बऱ्याच वेळाने त्यांनी हंडा लावला.

आता खाणीचं काम आलं, की मी आधी उताराखालची विहीर बघतो. रिपोर्टला उशीर होतो, क्लायंट कुरकुरतात. कुरकुरू देत.