विरोधी पक्षाचे वकीलकाका

वैशालीवर अन्याय झाला तो जून महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेअकरा वाजता, पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीच्या ऑफिसात. वैशाली माझ्याबरोबर लॉ करते. वडील चाकणच्या कंपनीत, घर कुरुळीला, आणि कॉलेज गाठायचं म्हणजे सकाळचा अर्धा जीव रस्त्यातच जातो. म्हणून आम्ही दोघींनी मिळून भाड्यानं फ्लॅट बघितला. डिपॉझिट ठरलं, चावी टेबलावर आली, आणि चेअरमनसाहेबांनी सहज विचारावं तशी आमची आडनावं विचारली. माझं ऐकून मान डोलावली. तिचं ऐकलं आणि फ्लॅट भरला. बसल्या जागी, आमच्या डोळ्यांदेखत, रिकामा फ्लॅट भरला. मी तणतणत वकीलकाकांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सोसायटीचं म्हणणं काय?" अन्यायाची बातमी ऐकून अन्याय करणाऱ्याची चौकशी करणारा असा माणूस निगडीपासून चाकणपर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याला आमच्याकडे पाठवू नका, आम्हाला एक पुरे आहे.

हे वकीलकाका म्हणजे आमच्या नागरी हक्क चर्चेचे संस्थापक, अध्यक्ष आणि सतरंजी उचलणारे. कामगार कोर्टात उभा जन्म गेला. आता दर महिन्याला तळवड्यात पुतण्याच्या वर्कशॉपच्या माळ्यावर वकिलांना आणि लॉच्या पोरापोरींना जमवतात. चर्चा गुरुवारी, कारण गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी आणि खालची प्रेस मशीन गप्प. पण मशीन गप्प म्हणजे बऱ्याचदा वीजही गप्प. त्यामुळे व्यक्तिस्वातंत्र्यावरची आमची सगळी चर्चा घाम पुसत, बिनमाइकची होते. आणि चर्चेचा काकांनी घातलेला एकच नियम आहे: समोरच्या पक्षाचं ऐकून घेतल्याशिवाय आपलं तोंड उघडायचं नाही. काका स्वतः जाऊन समोरच्याला आमंत्रण देतात. समोरचा अर्थातच येत नाही. मग काका खुंटीवरचा काळा कोट चढवतात आणि त्याची बाजू मांडतात. कोट अंगावर म्हणजे काका विरोधी पक्षात, कोट खुंटीवर म्हणजे आपले. आणि कोट मे महिन्यातसुद्धा चढतो.

माझं दुखणं असं की ते ही बाजू फारच चांगली मांडतात. कंपनीत बायकांना लघवीला सोडत नाहीत यावर चर्चा होती, तेव्हा काका मॅनेजर झाले आणि म्हणाले की ज्याला बाहेर जायचंय त्यानं हात वर करून कारण सांगावं. वीस-वीस वर्षं प्रॅक्टिस केलेले वकील हात वर करून बसले होते. एकाला काकांनी "लंचमध्ये का नाही गेलात?" असं विचारलं, तर तो चक्क सॉरी म्हणाला. पोलिसांनी रस्त्यात अडवून मोबाइल तपासावा का, या चर्चेत तर काकांनी सगळ्यांचे मोबाइल गोळा केले, लॉक काढायला लावून. सगळ्यांनी दिले. एकीनं पासवर्ड कागदावर लिहून दिला, साहेबांना सोपं जावं म्हणून. मग काकांनी कोट काढला आणि अर्धा तास आम्हाला झापलं, की एकानंही कारण विचारलं नाही, आणि हे म्हणे उद्याचे वकील. मी स्वतः मोबाइल दिला नव्हता, असं लिहायला मला फार आवडलं असतं.

वैशालीच्या चर्चेसाठी मी सणसणीत पत्रक लिहिलं. काकांनी त्यात निम्मी जागा सोसायटीच्या खुलाशाला द्यायला लावली. ते पत्रक वाचून एका रिक्षावाल्यानं मला विचारलं, "ताई, तुम्ही नक्की कुणाकडनं?" मी भडकून काकांना म्हणाले, हे बस झालं, तिच्या परीक्षा तोंडावर आहेत, तिला घर पाहिजे, तुमची न्यायबुद्धी नको. काका म्हणाले, "बाई, चेअरमन येणार आहेत गुरुवारी."

आणि खरंच आले. इतक्या वर्षांत प्रथमच विरोधी पक्ष स्वतः जिना चढून आला. कंपनीतून रिटायर झालेला, इस्त्रीच्या शर्टातला, घाबरलेला माणूस. वैशाली पहिल्या रांगेत बसलेली. चेअरमन बोलायला उठले तर काकांनी त्यांना खाली बसवलं. कोट चढवलेला होता ना. वकील उभा असताना पक्षकारानं बोलायचं नसतं, म्हणाले.

मग काकांनी सुरू केलं. आमची सोसायटी जात मानत नाही, आम्ही फक्त आडनाव विचारतो. जयंतीला ग्रुपवर शुभेच्छा आमच्याच आधी पडतात. आमचे स्वतःचे काही म्हणणे नाही, पण बाकीच्या मेंबरांना काय वाटेल. स्वयंपाकाचा वास, पाहुण्यांची वर्दळ, उद्या फ्लॅटचा भाव. सगळं हसतमुखानं, अगदी आदबीनं. चेअरमन खुर्चीत चुळबुळायला लागले. मी असं बोललो नव्हतो, म्हणाले. काकांनी त्यांच्या तोंडाशी कान नेला आणि आम्हाला मोठ्यानं सांगितलं, "माझे पक्षकार म्हणतात, मालकाचा भाऊ राहायला येणार होता." पुन्हा कान नेला. "माझे पक्षकार म्हणतात, मालकाला भाऊ नाही." पोरं खिदळायला लागली. काकांनी तिसऱ्यांदा कान नेला तसे चेअरमन ताडकन उठले.

"मला हा वकील नको," ते म्हणाले. "मी एवढा वाईट माणूस नाही हो. कारण काही नव्हतं. पोरगी चांगलीच आहे."

वैशाली बसल्या जागेवरून म्हणाली, "मग चावी द्या ना, काका."

कमिटीत विषय घेतो, असं पुटपुटत चेअरमन जिना उतरले. विषय अजून घेतलेला नाही. फ्लॅट रिकामाच आहे. आणि वैशालीनं परीक्षा कुरुळीहून ये-जा करूनच दिली.

सगळे गेल्यावर मी आणि काका सतरंज्या गुंडाळत होतो. एरवी विरोधी बाजू मांडायची म्हणजे ते आठवडाभर आधी पुस्तकं उपसतात, त्या दिवशी हातात चिठोरंसुद्धा नव्हतं. एवढे मुद्दे काढलेत कुठून, मी विचारलं.

"मी नाही काढले गं," काका म्हणाले. "मला सांगितलेत लोकांनी. नवीन सनद घेऊन चिंचवडला खोली शोधत होतो तेव्हा. चहा पाजून सांगितलेत."

"मग तुम्ही काय उत्तर दिलंत?"

सतरंजीचं टोक जुळत नव्हतं, ते त्यांनी नीट जुळवलं.

"बरं म्हणालो."

तर आता तुम्ही. हो, तुम्हीच, जे हे वाचताय. तुमच्या सोसायटीच्या ऑफिसातही भाडेकरूला आडनाव विचारतात, आणि ते का विचारतात हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. पुढच्या मीटिंगला उभे राहा आणि सगळ्यांसमोर विचारा की कशासाठी विचारता. उत्तर मिळेपर्यंत उभे राहा. बरं म्हणून खाली बसू नका.