रखमाजींचा तांब्या

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी भोरच्या शाळेत शास्त्र शिकवतो. वर्गात कुणी हडळीचं नाव काढलं तर सरळ बाकावर उभं करतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण डोळ्यांदेखत घडलं ते घडलं.

गेल्या चैत्रातली गोष्ट. लढाई सुरू, रॉकेलची मारामार, त्यात धाकट्या बहिणीचं — सुंदरचं — लग्न अडलेलं. आमचे वडील, आप्पा, प्लेगात अनाथ झालेले. बांगड्या विकणाऱ्या एका कासाराने त्यांना भोरला आणलं, पण आप्पा जाणते व्हायच्या आतच तो वारला. आप्पांच्या लक्षात राहिलं ते एवढंच — नदी गुंजवणी, बाप रखमाजी.

मुलाचे आजोबा म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पर तुमच्या भावकीतला येक तरी माणूस दावा, मग सुपारी फोडू."

संस्थानच्या दफ्तरखान्यात मी मोडी कागदांचे रुमाल, कापडात बांधलेले गठ्ठेच्या गठ्ठे, उपसले. आडनाव नाही, गाव नाही. सापडणार काय, कपाळ! मग आप्पांना घेऊन नदीकाठची गावं पालथी घातली. विंझरला कुणाला काही आठवेना. पालीला पोचलो तर मारुतीच्या देवळापुढे हनुमान जयंतीच्या पंगती बसत होत्या.

"रखमाजी? आवं, गावात चार रखमाजी झाले. कुणाचा रखमाजी?" असं म्हणत गावकऱ्यांनी आम्हाला हाताला धरून जेवायला बसवलं.

आप्पांना घास उतरेना. "ऱ्हाऊ दे रं आता," ते म्हणाले, "बापालाच कूळ न्हाई, असं सांगू सुंदरला." बोलता बोलता त्यांना ठसका लागला. त्यांनी चाचपत हात बाजूला नेला... आणि तिथे तांब्या होता.

मी शेजारीच बसलो होतो, भर दुपारी. कुणीही तो आणून ठेवला नव्हता! आप्पा घटाघटा प्यायले. तांब्या बाहेरून शेवाळलेला होता. त्यांच्या अंगठ्याखाली शेवाळ निघालं आणि अक्षरं दिसली. मी मोठ्याने वाचलं — "रखमाजी बिन सुभानजी." म्हणजे सुभानजीचा मुलगा रखमाजी!

देवळाच्या पायरीवरची एक म्हातारी ताडकन उठली. तांब्या हातात घेऊन तिने उलटसुलट बघितला.

"आरं, ह्यो आमच्या घरचा! प्लेगाच्या साली माज्या जावंच्या हातनं हिरीत पडला. गळ टाकून लई हुडकला, न्हाई घावला... तिचं पोर तेवढं कासाराबरूबर गेलं. जगलं का न्हाई, कुणाला ठावं न्हवतं." तिने आप्पांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "चुलती हाय मी तुजी!"

आप्पा लहान मुलासारखे रडले. मीही रडलो, लपवत नाही.

लग्नात पालीची भावकी एवढी लोटली की वरपक्षाला बसायला जागा पुरेना. आजोबा मांडवाच्या कडेला उभे राहून हसत होते.

त्या दिवशी वाढणाऱ्यांना मी एकेकाला गाठून विचारलं, विहिरीत डोकावूनही आलो. तांब्या वर कसा आला, हे आजही मला सांगता येत नाही. चुलतआजीने तो आप्पांनाच दिला. आता आमच्याकडे कुणीही आलं की आप्पा त्यातून पाणी देतात, आणि त्याने विचारायची वाट न बघता सांगतात, "आमी पालीचे."