आठ बोटं उंच

गाडी किती उचलायची ते ठरवण्याआधी धुळ्याच्या मिस्त्रीने मला एकच गोष्ट विचारली. "बसणार कोण?"

मी म्हणालो, "मीच."

एवढा भाग मी घरात कधी सांगत नाही. आमच्याकडे लग्नकार्यात जेवणं आटोपली, माणसं सतरंजीवर आडवी-तिडवी झाली, की कोणीतरी म्हणतंच, "काका, तो जीपचा किस्सा सांगा ना. आजोबा तुमच्या पाठीवर चढायचे तो." मग मी उठतो आणि वाकून दाखवतो. आताशा गुडघे धरून वाकावं लागतं, त्यामुळे हशा जास्तच मिळतो. बायको कोपऱ्यातून म्हणते, "मागच्या लग्नात सहा बोटं सांगितली होती, आज आठ झाली." आठच होती. आणि किस्सा मी चिखलापासून सुरू करतो, मिस्त्रीपासून नाही.

चिखल खोटा नव्हता. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. चोपड्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची केळीची बाग. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लष्कराच्या लिलावातून निघालेली एक जुनी जीप तिसऱ्या हातून घेतली होती. लांब, बंद बॉडीची, मागे दार असलेली, चारही चाकं ओढणारी. गावात तिला 'डबा' म्हणत. बागेच्या रस्त्यात केळीच्या ट्रॅक्टरांनी अशा खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या की मधला उंचवटा डब्याच्या पोटाला लागे. मागच्या अ‍ॅक्सलचा लोखंडी गोळा मातीत रुतून बसे, चारही चाकं जागच्या जागी फिरत, आणि शेवटी शेजारच्या मळ्यातून बैलजोडी मागवावी लागे. चार चाकं ओढणारी गाडी आठ पायांनी बाहेर निघे. तेव्हा गाडी उचलायला हवी होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. किती उचलायची, एवढाच प्रश्न होता.

आबांना गाडी चालवता येत नसे. डाव्या सीटवर बसता मात्र येत असे, आणि ती विद्या त्यांच्याइतकी कोणालाच साधली नाही. टोपी नीट, धोतराचा सोगा मांडीखाली दाबलेला, काठी दोन पायांत उभी, कोपर खिडकीबाहेर. एक गुडघा कायमचा आखडलेला होता, म्हणून रोज सकाळची बागेची चक्कर सीटवरूनच होई. कुठली पट्टी कापायची, माल कोणाला द्यायचा, पाणी कोणत्या बाजूला सोडायचं, सगळं त्या खिडकीतून. मी अठ्ठावीस वर्षांचा, लग्न झालेला, शेतकी कॉलेजची पदवी असलेला. नवा व्यापारी आला की आबा माझी ओळख करून देत, "हाऊ आमना ड्रायव्हर."

लोक हसत. मीही हसे. मला हसायची सवय लहानपणापासून होती.

आबांना सांगितलं की ऑईल बदलून आणतो, आणि धुळ्याला गेलो. ऑईल बदलायला चोपड्याचा माणूस धुळ्याला जात नाही, हे त्यांना कळलं असणारच. धुळ्याला महामार्गाच्या कडेला ट्रकचे पाटे ठोकणारा हा मिस्त्री बसे. पाटे म्हणजे चाकांवर गाडीचं ओझं पेलणाऱ्या बाकदार पोलादी पट्ट्या. तो इंच सांगत नसे. टायर आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत पंजा आडवा घालायचा आणि बोटं मोजायची.

"हे बघा भाऊ," तो म्हणाला, "शॅकल, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या कड्या, लांब टाकल्या तर दोन बोटं. स्वस्तात काम, पण गाडी दारू प्यायल्यासारखी डुलेल. जुनेच पाटे खोलून, ठोकून, परत बाक भरला तर चार बोटं. तुमच्या रस्त्याला चार बास झाली. अन् नवे पाटे वाढवून वर मोठी टायरं टाकली, तर आठ."

"आठ बोटांत काय होईल?"

"नाला ओलांडाल, दगड ओलांडाल. हाडं मात्र खिळखिळी. कडक पाट्यांवर रिकामी गाडी उडते हो."

आणि मग त्याने विचारलं, बसणार कोण. मी म्हणालो, मीच.

"घरात म्हातारं माणूस? ज्याला रोज चढायचंय असं?"

"नाही."

"मग टाका आठ."

मी पाच फूट तीन इंच. आठ बोटं मला कशाला हवी होती ते यावरून कोणी ताडलं तर माझी हरकत नाही. पण तेवढंच नव्हतं. संध्याकाळी मिस्त्री शेवटचे नट आवळत होता, तेव्हा मी डाव्या दाराशी गेलो. एक पाय ताठ ठेवून, आबांसारखा, चढून पाहिलं. जमलं नाही. दांडी धरून पुन्हा पाहिलं. जमलं नाही. मग मी मिस्त्रीकडे वळून म्हणालो, "छान झालंय."

गाडी आणली तेव्हा सगळी गल्ली बाहेर आली. मला स्वतःला उडी मारूनच चढावं लागे. ती उडी मला रुबाबदार वाटे; बायकोला बेडकाची वाटली, आणि तिने ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा चक्कर मारायला निघाले. गाडीभोवती एक फेरी मारली. काठी दाराच्या तळाशी उभी धरून पाहिली. अर्धी काठी संपली तरी तळ आला नव्हता. दांडी धरून त्यांनी एकदा अंग उचललं, पाय पोचेना, सोगा दाराच्या खिट्टीत अडकला, आणि ते क्षणभर नुसतेच लोंबले. अंगणातले दोन गडी वर कौलांकडे बघू लागले. आई आत पळाली आणि जेवायला बसायचा पाट आणून तिने दाराखाली ठेवला.

आणि मी म्हणालो, "गाडीला पाटे वाढवले, आबांना पाट लागला."

विनोद बरा होता. आजही बरा आहे. गडी हसले, बायको पदर तोंडाला लावून हसली, आईसुद्धा हसली. आबांच्या बोलण्याला सोडून माझ्या बोलण्याला लोक हसले, असं त्या अंगणात पहिल्यांदा झालं.

आबांनी काठीने पाट बाजूला सारला. "गाडी उच्ची तूच करी ना?"

"रस्त्यासाठी केली आबा. तो गोळा..."

"मंग वाक."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी दाराखाली वाकलो, हात गुडघ्यांवर. आबांनी वहाणा काढल्या नाहीत. आधी काठीचं टोक माझ्या पाठीवर टेकून पाया पक्का आहे का ते पाहिलं, मग चांगला पाय ठेवला, दांडी धरली, आणि वर गेले. सीटवर बसून सोगा मांडीखाली दाबला, कोपर बाहेर काढलं आणि म्हणाले, "चाल, ड्रायव्हर."

त्या दिवसापासून एक नवीच गोष्ट सुरू झाली. पूर्वी खाली न उतरणारे आबा आता जागोजागी उतरू लागले. विहिरीशी उतरत. पाण्याच्या चारीपाशी उतरत. चहाच्या टपरीवर उतरत. चहा पीत नसत, पण उतरत. उतरायला मी, चढायला मी. टपरीवरची माणसं बाकावरून सरकून जागा करत, म्हणजे नीट दिसावं. गावात माझं नाव झालं. बापासाठी पाठ देणारा मुलगा! दोन-तीन घरांत तर माझ्या उदाहरणावरून मोठी मुलं बोलणी खात होती. वाटेत ती मला भेटत आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत की मी मान खाली घाली. ती तशी बहुतेक वेळ खालीच असे.

आठवड्याने मी म्हणालो, "आबा, धुळ्याला नेऊन परत खाली उतरवून आणतो. चार बोटांत भागेल."

"गाडीले हात लावू नको," आबा म्हणाले. "झकास शे. दूरथीन दिसस."

बायको रात्री पाठ चोळताना म्हणे, "मिस्त्रीला सांगून ह्या पाठीतच दोन पाटे टाकून घ्या." पाठीवर वहाणेच्या खिळ्यांचे ठसे उठलेले असत. तिने एकदा ते मोजले आणि मग मोजणं सोडून दिलं.

नंतर आबांना ताप आला. तीन दिवस अंथरुणावर होते, आणि तीन दिवस मी एकटा चक्कर मारायला गेलो. असं सुख मी पुन्हा भोगलं नाही. डबा दगडांवरून उडत होता, माझं डोकं छताला लागत होतं आणि मला खाली सगळं जग दिसत होतं. केळीचा व्यापार करणारे एक शेठ होते, मारवाडी, तीन पिढ्या चोपड्यात. ते गाडीजवळ आले, वर बघून बोलू लागले. विहिरीकडची पट्टी तयार झाली होती. मी म्हणालो, सोमवारपासून कापा.

"तुम्ही म्हणाल तसं, भाऊ," शेठ म्हणाले.

भाऊ. तोवर त्यांनी मला पाणी आणायला सांगितलं होतं, तंबाखू आणायला सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी आबा उठले. विहिरीपाशी शेठ उभेच होते, त्यांचे कापणीवाले बांधावर बसलेले. आबा माझ्या पाठीवरून उतरले, पट्टी बघून आले, आणि शेठ बोलून गेले, "आबा, सोमवारचं भाऊंनी नक्की केलंय. शब्द दिलाय."

आबा मागे वळले. गाडीपाशी आले. मी वाकलो. काठीचं टोक टेकलं, मग पाय आला, पूर्ण भार आला. एरवी ते लगेच वर जात. या वेळी तिथेच थांबले, दांडी धरून, आणि शेठकडे वळून म्हणाले, "याना शब्द कसाले धरतस, शेठ? हाई तं पायरी शे. पायरी कधी बोलस का?"

सगळे हसले. शेठ हसले, कापणीवाले हसले. मला खालून त्यांचे पाय दिसत होते. हसताना माणसांचे पायही हलतात, हे मी त्या महिन्यात शिकलो होतो. आणि सवयीने मीही हसायला लागलो.

मग मी सरळ झालो.

फार नाही. चार बोटं.

आवाज कोरडा होता. केळीच्या बागेत सगळे आवाज ओले असतात, म्हणून तो वेगळा कळला. मी वळून पाहिलं तेव्हा आबा कुशीवर पडले होते, टोपी पाण्याच्या चारीत वाहत चालली होती, आणि ते माझ्याकडे बघत होते. नुसते बघत होते.

मी म्हणालो, "पाठीत उसण भरली." मी हे शेठला सांगितलं. मग धावत आलेल्या गड्याला सांगितलं.

चौघांनी उचलून आबांना डब्यात मागच्या फळीवर आडवं घातलं. आठ बोटं वर चढवायला चौघं लागले. चोपड्याहून जळगाव. मिस्त्री म्हणाला होता तशीच गाडी उडत होती. जोरात नेली तर आबा फळीवरून वर फेकले जात. हळू नेली तर तेच, फक्त जास्त वेळ. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. खड्डा आला की ते डोळे मिटत, खड्डा गेला की उघडत, आणि उघडले की आरशातच बघत.

जळगावच्या डॉक्टरांनी विचारलं, "कसे पडले?"

"माझ्या पाठीत उसण भरली," मी म्हणालो.

"मनाच पाय सरकना," आबा म्हणाले, म्हणजे त्यांचाच पाय सरकला.

दोघं एकदमच बोललो. डॉक्टरांनी दोन्ही ऐकलं आणि यातलं काहीच लिहिलं नाही. खुब्याचं हाड गेलं होतं.

विहिरीकडची पट्टी सोमवारीच कापली गेली.

आबा त्यानंतर चार वर्षं होते. उभे राहिले नाहीत. त्यांची खाट ओट्यावर टाकली होती, अंगणाकडे तोंड करून. गाडी मी कधीच उतरवली नाही. एकदा विषय काढला तर ते म्हणाले, राहू दे, आते कोनले चढनं शे. आता चढायचंय कोणाला. रोज सकाळी मी बेडूकउडी मारून चढायच्या आधी खाटेवरून हाक येई. सगळ्या घराला ऐकू जाईल अशी.

"पाठ कशी शे रे?"

"बरी आहे, आबा."

"उसन गयी का?"

आता काय सांगायचं? गेली म्हणावं तर इतक्या सहज जाणारी उसण भरली होती कधी? मी म्हणे, "थोडी आहे अजून."

आईचा जीव कळवळे. स्वतः मोडून पडलेत, पण लेकाच्या पाठीची रोज चौकशी करतात, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला डोळे पुसत सांगे. शेजारच्या बायका म्हणत, अशी माया आता कुठे बघायला मिळते. मग आई तव्यावर जाडं मीठ तापवून फडक्यात पुरचुंडी बांधे, आणि मला सदरा काढून ओट्यावर, आबांच्या खाटेशेजारी, पालथं पडावं लागे. ठणठणीत पाठीवर तापलं मीठ काय लागतं, ते ज्याने घेतलंय त्यालाच ठाऊक. मी दात आवळून पडून राही. ओरडलो तर उसण खोटी, हललो तर उसण खोटी.

आबा कुशीवर वळून बघत. टोपी नीट, काठी उशाशी.

"आनखी गरम कर," ते आईला म्हणत. "त्याले लागत नही."