वरच्या बाजूला कललेले दगड

माझ्या पीएचडीचा तिसरा चॅप्टर माझ्या सासूबाईंनी काथ्याने घासून धुतला. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत, पण त्यात माझाही हात होता हेही त्यांनी ऐकून घ्यावं.

मी अंधेरीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते, राहते घाटकोपरला. चाळिशी उलटल्यावर पीएचडीला नाव घातलं आणि विषय घेतला तो हिमनद्यांपाशी साचलेली तळी फुटून हजारो वर्षांपूर्वी आलेल्या पुरांचा. स्टाफरूममध्ये टोमणे सुरू झाले. समुद्राकाठी राहून बर्फाचं कसलं हे खूळ, यार? मी म्हणायचे, पूर ओळखायला आपल्याइतकं लायक कोण आहे? आमच्याकडे पाणी ओसरलं की भिंतीवरची रेघ रंगवून टाकतात आणि नव्या भाडेकरूला छातीठोक सांगतात, इथे कधी पाणी भरत नाही. हिमाचलातल्या स्पितीत रंग मारायला कोणी गेलेलं नाही. तिथे पुराच्या खुणा आहेत तशाच पडून आहेत.

मी ज्या दरीत काम केलं तिथे नदीच्या पात्रापासून बरंच उंच एक सपाट पठार आहे आणि त्यावर आमच्या किचनएवढे धोंडे. माझे मार्गदर्शक म्हणत, हा हिमनदीने आणून टाकलेला ढिगारा. मला ते पटत नव्हतं. हिमनदी दगड कसेही टाकून देते. इथे मात्र मोठ्या धोंड्यांमधले लहान दगड छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक रेलून बसले होते, सगळे वरच्या बाजूला, म्हणजे नदी जिकडून येते तिकडे कललेले. जोरात वाहणारं पाणी दगड असे लावतं. आणि रोजची नदी एवढे धोंडे एवढ्या उंचीवर नेऊ शकत नाही. म्हणजे एकदा कधीतरी वरून प्रचंड पाणी आलं होतं.

त्याच पठारावर आज एक वस्ती आहे. ढिगारा हिमनदीचा असेल तर तिथल्या लोकांना काही धोका नाही. पुराचा असेल तर वर आज साचत असलेल्या तळ्याकडे कुणीतरी बघायला हवं. माझा सगळा हट्ट यासाठी होता, डिग्रीसाठी नव्हे.

प्रत्येक दगड उचलण्याआधी त्यावर नंबर आणि कल दाखवणारा बाण काढायचा असतो. थंडीत माझं मार्कर पेन चालेना. पण शिक्षिकेच्या खिशात खडू असतोच. मी ऐटीत खडूने बाण काढले, मापं वहीत लिहिली आणि तिसऱ्या चॅप्टरचा पुरावा म्हणून दोन गोण्या दगड घरी आणले.

आले ती नेमकी गणपतीच्या आधीच्या साफसफाईत. मी कॉलेजातून परतले तर गॅलरीत दगड ओळीने वाळत घातलेले, एकजात चकचकीत.

"माती कित्याक घरात? सगळे धुवन ठेवलंय," सासूबाई म्हणाल्या. गिरणी कामगाराची बायको, मूळच्या मालवणच्या. त्यांनी घरात कचऱ्याचा कण कधी ठेवला नाही.

मी ओरडले नाही. बाथरूममध्ये जाऊन रडले. मग बाहेर येऊन अर्धा तास दगड चाचपत कुठला कितवा हे आठवत बसले. दोन दगडांवर तर अंदाजाने पुन्हा नंबर टाकलेही. त्या अर्ध्या तासाची मला आजही लाज वाटते. शेवटी ओल्या फडक्याने मीच ते पुसले.

मार्गदर्शक माझ्याहून सहा वर्षांनी लहान. माणूस वाईट नाही, पण घाईत असतो. त्यांना झालं ते सगळं सांगितलं.

"मॅडम, वहीतली मापं आता तपासायची कशावर? सुटला ना प्रश्न. हा चॅप्टर काढून टाका, बाकीचं झकास आहे. दोन महिन्यांत सबमिट करा."

"प्रश्न कुठे सुटला? दगड धुतले गेले, दरी नाही धुतली. मी परत जाईन."

"अख्खं वर्ष जाईल. या वयात कशाला?"

"वय माझं आहे, सर. तुमचं काय जातंय?"

मी मुदतवाढीचा फॉर्म तिथेच भरला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: माझ्या चुकीमुळे नमुन्यांवरच्या खुणा पुसल्या गेल्या. सासूबाईंचं नाव घातलं नाही. खडू त्यांनी नव्हता वापरला.

घरी येऊन स्पितीला परत जाणार असल्याचं सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. निवडलेली भाजी पुन्हा निवडू लागल्या. चूक कळली होती, पण माफी मागायची त्यांना सवय नाही आणि मला ती नकोही होती. मग म्हणाल्या, "आणि थंयसर जावन दगड भलत्याच बाजूक निघाले तर?"

"तर तेच लिहीन, आई."

"मगे तो सर बरोबर ठरतलो."

"ठरू दे. पण दगड बघून ठरू दे."