भाऊंना न चढलेली भांग

महाशिवरात्रीला आमच्या तापीकाठच्या गावात भरदुपारी महादेवाच्या देवळात भांग वाटतात. दूध, बदाम, बडीशेप, मिरी आणि वाटलेला पाला. एरवी तंबाखूच्या पुडीकडे बघून नाक मुरडणारी माणसंही त्या दिवशी प्रसाद म्हणून दोन ग्लास घेतात. एखाद्याला चढली की त्याला नंदीशेजारी बसवायचं, लिंबू चाटवायचं आणि उतरेपर्यंत त्याची टिंगल करायची, अशी रीत.

त्या वर्षी माईक माझ्या चुलतभावाच्या हाती होता. ते निवृत्त प्राचार्य. निवृत्तीनंतर त्यांचं कॉलेज वाढलंय. चार माणसं बसलेली दिसली की वर्ग भरतो. विषय होता भांग आणि मेंदू. भांगेत कॅनाबिनॉइड नावाची द्रव्यं असतात, ती लकव्यात मेंदूचं रक्षण करतात, हे परदेशी शास्त्रज्ञांना आत्ता कळलं, आपल्या पूर्वजांना आधीच माहीत होतं. पूर्वजांना एखादी गोष्ट माहीत नव्हती असं सांगणारा वक्ता मी अजून ऐकलेला नाही.

हे चालू असताना माझे थोरले भाऊ ग्लास घेऊन उठले. दोन पावलांवर ग्लास हातातून सुटला, सगळं दूध सदऱ्यावर. ते सावरायला गेले आणि उजवीकडे कलले. काहीतरी बोललेही, पण शब्दांचा नुसता लगदा बाहेर आला.

"भाऊले चढी गई," कुणीतरी म्हणालं. आमच्या जावईबापूंनी मोबाईल काढून चित्रण सुरू केलं. प्राचार्यांनी माईकवरून जाहीर केलं, "भाऊंचा मेंदू आता सुरक्षित शे." सगळे हसले. मीही हसलो.

दोघांनी धरून त्यांना नंदीशेजारी बसवलं. लिंबू आलं. रस ओठाच्या एका कोपऱ्यातून गळ्यावर ओघळला, मग भाऊंना ठसका लागला, तो थांबेचना.

"अजून एक फोड द्या, उतरी जाई."

बायकांच्या बाजूने वहिनी उठून आल्या. त्यांनी भाऊंचा चेहरा पाहिला आणि अगदी हळू विचारलं, "काय हसी ऱ्हायनात? त्यास्नी भांग लिधीच नही."

भाऊ भांग घेतच नसत, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती. देणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून ते दरवर्षी ग्लास घ्यायचे आणि मागे बेलाच्या बुंध्याशी ओतून यायचे. आताही तिकडेच निघाले होते. भरलेला ग्लास आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सांडला होता. तो भरलेला होता, एवढं साधं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. प्राचार्यांच्या हातातला माईक कुईकुई करत राहिला.

गाडीतून भाऊंना नंदुरबारला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, हे कधी सुरू झालं? मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन काही तासांच्या आतच देता येतं. वेळ नक्की नसेल तर ते देण्यात धोका. एकजण म्हणाला आरतीनंतर, दुसरा म्हणाला आरतीच्या आधी. आम्ही नशेची वेळ कशाला बघणार होतो?

जावईबापूंनी खाली मान घालून मोबाईल पुढे केला. चित्रणावर वेळ होती. बाईंनी ते आवाजासकट पाहिलं. दवाखान्याच्या बोळात आमचं हसणं घुमलं. आपण इतक्या मोठ्याने हसतो हे मला माहीत नव्हतं. त्याच्याआधी माईकवरून, ‘भाऊंचा मेंदू आता सुरक्षित शे.’

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

प्राचार्य पुढे झाले. अशा वेळीही त्यांना राहवलं नाही. "मॅडम, ते प्रयोगात सिद्ध झालंय. मी स्वतः वाचलंय."

"सर, ते उंदीर होते," बाई म्हणाल्या. "माणसांत अजून काही सिद्ध नाही. आणि त्या उंदरांना कुणी लिंबू चाटवत बसलं नव्हतं."

मेंदूचा स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता. इंजेक्शन मुदतीच्या आत मिळालं, पण बऱ्याच उशिराने. भाऊ आता काठी घेऊन चालतात. सदऱ्याची बटणं वहिनी लावतात. बोलणं अडखळतं, एखाद्या शब्दापाशी ते थांबतात आणि आम्ही तो पुरवायची घाई करतो.

यंदाच्या शिवरात्रीला त्यांना देवळात खुर्ची दिली होती. माईक बंद होता. सवयीने कुणीतरी ग्लास पुढे केला. भाऊंनी तो डाव्या हातात घेतला, लोकांकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर तिथेच फरशीवर ओतला.

"नही," ते म्हणाले. तेवढा शब्द त्यांना अगदी स्वच्छ येतो.