आप्पांसाठी बस्तरची पुस्तकं

कुठंही जायचं ठरलं की आधी पुस्तकं गोळा करायची, ही माझी जुनी खोड. गोकर्णला दोन दिवस गेलो होतो तेव्हा मी तीन पुस्तकं वाचून गेले आणि तिथं नवऱ्याला धड समुद्रसुद्धा बघू दिला नाही, माहितीच सांगत सुटले. बस्तरचं ठरलं तेव्हा टेबलावरचा ढीग बघून तो म्हणाला, फिरायला चाललीयस का परीक्षेला बसायला? मी शाळेत भूगोल शिकवते. वीसेक वर्षं पोरांकडून भारताचे नकाशे भरून घेतले आणि स्वतः मात्र नागपूरच्या पुढं कधी गेले नाही. तेव्हा निदान वाचून तरी जावं, एवढंच माझं म्हणणं असतं.

पण ह्या वेळची पुस्तकं माझ्यासाठी नव्हती. ती आप्पांसाठी होती.

आप्पा म्हणजे माझे वडील. आमचं घर हुपरीचं, चांदीचं काम करणारं. पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या खोलीत चूल, आणि दोन्हींच्या मध्ये अभ्यास करणारी मी. आमच्याकडं पैंजण तयार व्हायचे आणि आप्पा ते घेऊन वर्षातून दोनदा बस्तरला जायचे, तिथल्या सराफांकडं. तीस-पस्तीस वर्षं गेले. आई जोडकाम करायची. चांदीची इवली इवली फुलं साखळीला जोडत दिवसभर बसायची. दोघं समोरासमोर बसून काम करत आणि समोरासमोर बसून भांडत. ‘मालात पोरखेळ नको करूस,’ असं आप्पा ओरडायचे, आणि मान वर न करता आई म्हणायची, तुम्ही विकायचं बघा. हे इतकं रोजचं होतं की कसला पोरखेळ, हे विचारायचं माझ्या कधी मनातच आलं नाही.

दर खेपेला निघताना आप्पा तिला म्हणायचे, एकदा तुला घेऊन जातो. आईनं ते गल्लीभर सांगून ठेवलं होतं. गाडीत मी खिडकीच्या जागेवर बसणार, असंही तिनं सांगून ठेवलं होतं. मग कधी मोठी ऑर्डर आली, कधी कुणाचं लग्न, कधी माझी दहावी, शेवटी तिचे गुडघे. मागच्या वर्षी दिवाळीनंतर ती गेली. बस्तर राहिलंच.

आप्पांना मी कोल्हापुरात, कळंब्याला आमच्याकडं आणलं आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस बोलायचा थांबलाय. तीन शब्द उरले होते. हाय, न्हाय आणि व्हय. जेवला? व्हय. काही हवंय? न्हाय. ज्या माणसाचा आवाज हुपरीत दोन गल्ल्या पलीकडं ऐकू जायचा, तो गॅलरीत बसून तळ्याकडं बघत राहायचा. डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला, सगळं ठीक आहे म्हणाले. बोलतं करा त्यांना, म्हणाले. आता बोलतं करायची गोळी मिळत असती तर मी डॉक्टरांकडं कशाला गेले असते?

मग मीच ठरवलं की आप्पांना बस्तर दाखवायचं. तिथं गेले तर बोलतील. गोंदियाच्या गाडीची तीन तिकिटं काढून मोकळी झाले, पुढं रायपूर, तिथून बस, सगळं पक्कं केलं आणि मग त्यांना सांगितलं. आधी विचारायचं आणि मग करायचं, हे आमच्या घराण्यात कुणालाच जमलेलं नाही.

आप्पांनी तळ्यावरची नजर माझ्याकडं वळवली. ‘तिला न्यायची हुती,’ ते म्हणाले. ‘तिला न्हाय नेली, आता मला कशाला नेतीस?’

एवढी मोठी वाक्यं ते कित्येक महिन्यांनी बोलले आणि परत गप्प झाले. नवरा म्हणाला, तिकिटं रद्द कर. मी म्हटलं, पंधरा दिवस थांब. त्यांना तिथली ओढ लावते, मग बघ. आणि ओढ लावायची तर माझ्याकडं एकच हत्यार होतं, पुस्तकं. शिवाय खरं सांगायचं तर मला वाटत होतं की आप्पांनी बस्तर बघितलंय कुठं? सराफाची पेढी, लॉजची खोली आणि एसटी स्टँड, बास. मीच त्यांना खरं बस्तर सांगणार होते. शिकलेल्या लेकीचा माज, दुसरं काय.

कोल्हापुरातल्या जुन्या वाचनालयात मी गेले. तिथल्या बाई निवृत्तीला आलेल्या, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. आप्पांचं चांदीचं काम, बस्तर, त्यांचं गप्प होणं, सगळं मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी मला एक कोपरा दाखवला आणि म्हणाल्या, निवडा. मुलखाबद्दलचं पुस्तक निवडायची माझी एक रीत आहे. पहिलं पान मी वाचतच नाही, कारण पहिल्या पानावर सगळेच शहाणे असतात. मी मधलं कुठलंतरी पान उघडते आणि तिथं कुणी जेवतंय का, भांडतंय का, बाजाराला चाललंय का, ते बघते. पंचवीस पानं माणूसच भेटला नाही तर पुस्तक परत फळीवर. अशी दोन लगेच परत गेली. एकात पाऊस किती आणि जमीन कसली एवढंच होतं, ते मी रोज शिकवतेच. दुसरं एका अधिकाऱ्यानं लिहिलेलं होतं, त्यात बस्तर कमी आणि साहेबच जास्त. शेवटी एक मराठीतलं तिथल्या राजांवरचं आणि एक हिंदीतलं खाण्यापिण्यावरचं आणि सणांवरचं, अशी दोन घेऊन आले.

रोज शाळेतून आल्यावर चहा ठेवायचा, आप्पांच्या शेजारी गॅलरीत बसायचं आणि वाचायचं. मीच हरखून जात होते. तिथं दसरा अडीच महिने चालतो. आपला कोल्हापूरचा दसरा बघा, संध्याकाळी चौकात जायचं, सोनं लुटायचं, रात्री जेवायला घरी. हे लोक अडीच महिने काय करत असतील? त्यासाठी लाकूड तोडून नवा रथ बनवतात. लाल मुंग्यांची चटणी करतात. मुंग्यांची! मी चहा खाली ठेवून विचारलं, आप्पा, तुम्ही बघितलीय ही चटणी?

व्हय.

खाल्लीय?

व्हय.

कशी लागते, हे सांगायला तोंडाला काय झालं होतं? माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं एका मुलखात जाऊन आलेला माणूस, आणि मला मुंगीची चव सांगत नाही. आंबट असते, असं पुढं पुस्तकातच निघालं. रथ बघितलाय का, व्हय. राजवाडा बघितलाय का, व्हय. हळूहळू माझ्या ध्यानात यायला लागलं की पेढी आणि लॉजपलीकडं आप्पांनी काही बघितलं नाही, हा माझाच अंदाज होता. सगळं बघून आले होते. आणि घरी येऊन सांगायचे ते आईला, मला नव्हे. आता आई नव्हती तर कुणाला सांगणार? हे कळलं तेव्हा मला त्यांचा राग आला, आणि माझी स्वतःची कीवही आली. पालथ्या घड्यावर पाणी ओतणं मी तरीही चालूच ठेवलं.

चौदा दिवस असे गेले. दोन्ही पुस्तकं परत करायला गेले तेव्हा वाचनालयातल्या बाईंनी विचारलं, वडील बोलले का? मी नाही म्हटलं. बाई आत गेल्या आणि एक भलंमोठं, जाड पुस्तक घेऊन आल्या. तेही हिंदीच, पण पानोपानी फोटो. मी नाक मुरडलं. चित्रांचं पुस्तक मी कधीच निवडत नाही. ती दिवाणखान्यात पाहुण्यांना दाखवायला असतात, असं माझं मत. शिवाय त्याच्यावर ‘घरी मिळणार नाही’ असा शिक्का होता. बाई म्हणाल्या, माझ्या जबाबदारीवर दोन दिवस न्या. त्यांना हातानं काम करायची सवय आहे ना, मग त्यांना अक्षरं कशाला ऐकवताय, बघायला द्या काहीतरी.

दुसऱ्या दिवशी तिकिटांचा निर्णय घ्यायचा होता. नवरा सकाळपासून माझ्याकडं बघत होता.

संध्याकाळी मी पुस्तक मांडीवर घेऊन बसले. सवयच वाईट, फोटोंकडं बघायचं सोडून मी फोटोंखालचा मजकूर वाचत सुटले. धबधबा, डोंगर, कोंबड्यांचा बाजार. मग एका पानावर आठवडी बाजारात बसलेल्या म्हातारीचे पाय होते, नुसते पाय, धुळीनं भरलेले, आणि त्यांत पैंजण. खाली लिहिलं होतं की इथल्या बायकांच्या पैंजणात एक फूल नेहमी उलटं असतं, हा धरणीमातेला दिलेला मान आहे, आणि इथल्या कारागिरांनी ही प्राचीन परंपरा पिढ्यानपिढ्या जपली आहे. मला ते इतकं आवडलं की मी वही काढली. धरणीमातेचं फूल! सातवीच्या वर्गात सांगायला किती छान. मी लिहून घेत होते आणि मांडीवरचं पुस्तक हललं.

आप्पांनी ते ओढून घेतलं होतं. चहा बशीत तसाच. त्यांनी खिशातनं भिंग काढलं. कामाचं भिंग अजून त्यांच्या खिशात असतं, हे मला माहीतच नव्हतं. भिंगातनं छापील ठिपके तेवढे दिसले असणार, कारण ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि पान डोळ्यांजवळ नेलं.

‘वाच परत,’ आप्पा म्हणाले.

मी वाचलं. ते कडीजवळच्या फुलावर बोट ठेवून ऐकत होते.

‘कोण म्हंतो परंपरा?’ ते म्हणाले. ‘ही तुझी आई हाय.’

आणि मग आप्पा बोलले. अंधार पडेपर्यंत बोलले. नवरा आतून येऊन दारात उभा राहिला, त्याला त्यांनी दम देऊन खाली बसवलं आणि मग पुढं सांगितलं. आईचं म्हणणं असं होतं की बिनचूक वस्तूला दृष्ट लागते. पोराच्या गालाला आपण तीट लावतो की नाही? मग जी बाई हे पायात घालून रानावनातनं चालणार, तिला नको का? म्हणून प्रत्येक पैंजणात, बाकीची फुलं पाकळ्या खाली करून लोंबत असताना, ती एक फूल मुद्दाम उलटं लावायची, देठ खाली आणि पाकळ्या वर. आप्पांना दिसलं की ते ओरडायचे, काढून सरळ करायला लावायचे. मग ती चोरून, अगदी कडीजवळ लावायला लागली, जिथं घाईत नजर जात नाही. तो पोरखेळ म्हणजे हा. मी त्या खोलीत शाळा शिकले, आणि मला नकाशातल्या नद्या दिसल्या, हे दिसलं नाही. आत्तासुद्धा फोटो मांडीवर होता आणि मी खालची अक्षरं उतरवून घेत होते.

एका खेपेला तिथल्या सराफानं ते उलटं फूल बोटानं दाखवलं. आप्पांना वाटलं, गेला सगळा माल परत. ते हात जोडून माफी मागणार, तेवढ्यात सराफ म्हणाला की बाजारात बायका हेच मागतात. त्या म्हणतात, हे घातलं की पायाला काटा लागत नाही. पुढच्या वेळी सगळे असलेच आणा. आप्पा घरी आले आणि त्यांनी आईला ह्यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर बसली असती, असं म्हणाले. ते ओरडत राहिले, ती चोरून लावत राहिली, आणि उलट्या फुलाचे पैंजण बस्तरला जात राहिले.

मी विचारलं, कधीच नाही सांगितलं?

‘तिथं नेऊन दाखवणार हुतो,’ आप्पा म्हणाले. ‘बाजारात हुबी करून म्हणणार हुतो, बघ, ह्या समद्या तुझ्या बायका.’

मग ते रडले. मी त्यांना आईच्या वेळीसुद्धा रडताना बघितलं नव्हतं. मीही रडले. नवरा उठून पाणी आणायला गेला आणि बराच वेळ आतच थांबला.

थोड्या वेळानं आप्पांनी परत पुस्तक उघडलं. ही म्हातारी कुठल्या बाजारात बसलीय, ते लिहिलंय का, असं त्यांनी विचारलं. मी शोधलं, गावाचं नाव होतं. आप्पांना ते गाव माहीत होतं, बस कुठं बदलायची तेही माहीत होतं. मी म्हटलं, पुस्तक छापणाऱ्यांना पत्र लिहू या का? सांगू या की ही परंपरा नाही, ही आमच्या हुपरीतली एक बाई आहे. आप्पांनी जरा विचार केला. ऱ्हाऊ दे, म्हणाले. देवाच्या नावावर गेलंय, तिला आवडलं असतं.

नवरा पाण्याचा तांब्या घेऊन आला. तिकिटांचं काय करायचं, हे विचारायचा त्याला धीर होत नव्हता, मलाही नव्हता. आप्पाच पाणी पिऊन, तोंड पुसून म्हणाले, ‘खिडकीची जागा हाय न्हवं? तिला तीच कबूल केलती.’