अक्काचं मनगट

अक्का गेली त्या सकाळी भाच्याने नातेवाइकांना पाठवायचा मजकूर मला दाखवला. ‘कर्करोगाशी आईची झुंज अखेर अपयशी ठरली.’ मी म्हटलं, “हे आधी पूस. तू हरलीस, असं तिच्या तोंडावर म्हणायची हिंमत होती का तुझी?” त्याने पुसलं. नुसतं ‘आई गेली’ एवढंच ठेवलं.

माझी ही थोरली बहीण बंगळूरच्या चिकपेटेत रेशमी साड्यांचं दुकान चालवायची, नवऱ्यामागे, एकटीने. जन्मात विडी-सिगारेटला हात लावला नाही, तरी फुप्फुसाचा कॅन्सर झाला. तपासणीत गाठीच्या पेशींमधला एक ठरावीक बदल सापडला आणि नेमकी त्याच्यावरच काम करणारी गोळी सुरू झाली. रोज घरीच घ्यायची. धाप कमी झाली, केसही राहिले. पण त्याच गोळीने चेहऱ्यावर पुरळ उठलं आणि बोटांच्या टोकांना भेगा पडल्या... बोट लागलं की साडीचा धागा ओढला जायचा. दुकान विकून टाक, सगळे म्हणू लागले. मीही म्हटलं, “अक्का, स्वल्प आराम कर. गिऱ्हाईक तोंडाकडे बघत राहतं.”

“बघू दे. तोंड विकायला ठेवलंय का मी?”

तिने पांढरे सुती हातमोजे चढवले आणि गादीवर बसली. माल घेऊन येणारा एक जुना व्यापारी ते मोजे बघून हसला. “अक्का, आता हाताला काय कळणार? माझ्यावर सोडा.” अक्काने मोजा थोडा खाली सरकवला, मनगटाची आतली बाजू एकेका साडीवरून फिरवली आणि दोन बाजूला काढल्या. “ह्यांत भेसळ आहे. परत ने. बाकीच्या सरी, ठीक आहेत.”

ही गोळी कधीतरी लागू पडेनाशी होईल, हे डॉक्टरांनी पहिल्यापासून सांगितलं होतं. मी रडवेली झाले, तर ती माझ्यावरच खेकसली, “संध्याकाळी बंद करायचंय म्हणून सकाळी शटर उघडायचं नाही का?” पुढे डॉक्टर म्हणाले तसंच झालं. दुसरं औषध दिलं, तेही काही काळच चाललं. शेवटच्या आठवड्यापर्यंत मात्र शटर उघडत होतं.

अजूनही उघडतं. धुतलेले मोजे गल्ल्याशेजारच्या खणात आहेत, गादीवर मी बसते. परवा तोच व्यापारी गठ्ठा घेऊन आला. “आता माल कोण पारखणार?” खरं सांगायचं तर मला अजून सगळं कळत नाही. पण ते त्याला कुठे माहीत आहे?

मी बांगड्या वर सारल्या आणि म्हटलं, “उघडा.”